बंदरावर गाडी थांबली आणि समुद्रातलं कोणीतरी भेटलं... तुमचे अनुभव लिहा

निवांतक्षणी
आज सकाळी मासे घ्यायला गेले तर मावशी म्हणाल्या घे गं, हर्णैचा माल आहे, आणि मी तिथेच पिशवी धरून हसत सुटले. त्यांना वाटलं भाव ऐकून हसतेय. आता पापलेटं धुवून फ्रीजमध्ये गेलीयत आणि मी लिहायला बसलेय.

२०११ ची गोष्ट. पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघालो, सासूबाई, सासरे, नवरा, मी आणि चार वर्षांचं आमचं ध्यान. मुक्काम गुहागरला ठरलेला, पैसे भरलेले. हर्णैला फक्त बंदर बघू, चहा पिऊ आणि निघू म्हणून गाडी उतारावरून खाली घेतली आणि क्लचने मान टाकली. मेकॅनिक म्हणाला प्लेट बाहेरून मागवावी लागेल, गाडी उद्याच मिळेल. सासरे काही बोलले नाहीत. ते तसेही बोलत नाहीत, बँकेत ३४ वर्षं काढली, नातू झाला तेव्हासुद्धा "बरं" एवढंच म्हणाले होते.

मग काय, संध्याकाळी लिलाव बघितला. ज्यांनी बघितला नाही त्यांना काय सांगू, होड्या लांब उभ्या आणि माल बैलगाडीतून आणतात, पाण्यातून! बैल पोटापर्यंत पाण्यात आणि तोंडावर काही नाही, रोजचंच ऑफिस असल्यासारखं. वाळूवर ढीग लावून बोली चालू, बायका अशा तडतड बोलत होत्या की मला एक आकडा कळला नाही, सासऱ्यांना मात्र सगळे कळत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी तयार व्हायला वेळ होता म्हणून सुवर्णदुर्गाकडे होडीने गेलो. किल्ला समोर, कोणी बोलत नव्हतं, आणि बाजूला एकदम फुस्स! कुकरचं झाकण पडल्यानंतर कसा शेवटचा श्वास सोडतो तसा. राखाडी पाठ वर आली, गेली. मग दुसरी. मग एक छोटी, आईला चिकटून. आणि आमचे सासरे ताडकन उभे राहिले, होडी डुलली, आणि ओरडले "अगं ए, बघ बघ बघ!" सासूबाई डॉल्फिन सोडून त्यांच्याकडेच बघत बसल्या. चारचौघात त्यांना अशी हाक ३८ वर्षांत पहिल्यांदा आली होती म्हणे.

एकही फोटो नाही. तुम्हाला कोण कोण भेटलं? डॉल्फिन, कासव, काहीही चालेल.

पोहेप्रेमी
आमच्याकडे फोटो आहेत. १४६. सगळे पाण्याचे.

सह्यकडा
@पोहेप्रेमी 😂😂 आणि प्रत्येकावर बायको गोल करून दाखवते, इथे होता बघ.

मीच_ती
वेळास, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला. तीन दिवस सकाळी सहाला उठून किनाऱ्यावर, टोपली उघडतात आणि... काही नाही. परत संध्याकाळी, काही नाही. मुलं कंटाळली, नवरा म्हणे तुझ्या कासवांनी सुट्टी घेतलीय. चौथ्या दिवशी निघायचंच होतं, बॅगा गाडीत भरून झाल्यावर शेवटचं म्हणून गेलो आणि एक निघालं. एकच. तळहाताएवढंही नाही. ते वाळूवरून निघालं आणि शंभरेक माणसं दोरीच्या मागे गप्प, कोणाचं पोर रडत होतं तेही थांबलं. लाट आली, ते उलटं फेकलं गेलं, परत सरळ झालं, परत निघालं. मला इतकं रडू आलं की शेजारच्या काकूंनी रुमाल दिला. रुमाल अजून माझ्याकडेच आहे, काकू वाचत असतील तर सॉरी.

खारंवारं
अंड्यातून यायला ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर असतं, त्यामुळे हॅचरीवाले अंदाज देतात पण कासव काही कॅलेंडर बघत नाही. गंमत म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूच्या तापमानावर, जास्त गरम असेल तर माद्या जास्त.

पोहेप्रेमी
म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात मुलींचीच बॅच.

गाडीवाटा
वेळासला जायला बागमांडला ते वेसवी फेरी अजून चालू आहे का? गाडी चढते ना? आम्ही श्रीवर्धनहून येणार आहोत.

देवबागकर
डॉल्फिन डॉल्फिन करताय ते ठीक पण जरा ऐका. आमच्याकडे म्हातारी माणसं गादा म्हणतात त्याला. सीझनला सकाळी एकेका गाद्यामागे आठ-आठ होड्या लागतात, पर्यटक ओरडतात दादा जवळ घ्या जवळ घ्या, आणि दादा पण घेतो कारण नाही घेतली तर पुढच्या वेळी दुसऱ्याची होडी करतात. त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, मासा नाहीये तो. तुम्ही इंजिन घेऊन डोक्यावर बसलात तर तो जाणार कुठे. इंजिन बंद करून लांब थांबा, त्याला वाटलं तर तोच येतो. माझ्या काकांची होडी आहे, ते थांबवतात, आणि त्यांच्याच होडीला सगळ्यात जास्त दिसतात.

निवांतक्षणी
@देवबागकर बरोबर आहे हो. आमच्या वेळी बोटवाल्याने आपणहून मशीन बंद केलं होतं, म्हणून तर ते फुस्स ऐकू आलं.

सह्यकडा
मागच्या वर्षी आम्ही एका ठिकाणी (नाव घेत नाही) "डॉल्फिन गॅरंटी" लिहिलेली बोट केली. दीड तास फिरवलं, उलट्या झाल्या, आणि शेवटी लांब काळं काहीतरी दाखवून म्हणाला ते बघा. बोयाचा फ्लोट होता. पैसे परत मागितले तर म्हणे डॉल्फिन आला होता, तुम्ही उलटी करत होतात.

मीच_ती
अग्गंबाई 😂 हसून हसून दूध उतू गेलं, खरंच गेलं, गॅस पुसून येते.

अनामिक_आजोबा
नोव्हेंबर २०२३, दिवाळी. आम्ही गणपतीपुळ्याला होतो. देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. लोक बादल्यांनी पाणी ओतत होते, अंगावर ओली कापडं टाकत होते. माझा नातू नऊ वर्षांचा, तोही एक छोटी बादली घेऊन पळत होता, पाणी अर्धं वाटेतच सांडायचं. एवढं मोठं जनावर आणि पिल्लू म्हणतात त्याला. डोळा मात्र उघडा. पुष्कळ खटपटी करून त्याला समुद्रात ओढून नेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही घरी आलो. नंतर ते वाचलं नाही हे कळलं. नातवाला सांगितलं नाही. त्याने शाळेत कुठूनतरी ऐकलं आणि घरी येऊन मलाच विचारलं, आजोबा तुम्हाला माहीत होतं ना.

निवांतक्षणी
आजोबा... काय लिहू.

खारंवारं
आम्ही टीव्हीवर बघत होतो, आईने देवापुढे दिवा लावला होता त्याच्यासाठी.

चष्मिष
विषय थोडा हलका करते. आम्ही पावसाळ्यात किनाऱ्यावर थांबलो, भाऊ म्हणाला बघ निळा फुगा, आणि उचलला. ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा डंख मारणारा जीव. तो जो नाचला! आमच्या हुशार काकांनी वर बिसलेरी ओतली तर अजून भडकलं, गोडं पाणी नाही घालायचं म्हणे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि धागे हाताने न धरता काढायचे. दुसऱ्या काकांनी जो उपाय सुचवला तो इथे लिहिता येत नाही, आणि तो करूही नये असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण तोपर्यंत काका तयारीत होते.

पोहेप्रेमी
काकांना दंडवत 🙏

दर्यासारंगी
माझ्या मामाची होडी आहे रत्नागिरीकडे. आमच्याकडे कासव जाळ्यात आलं तर मामा त्याला हळद-कुंकू लावून सोडायचा, आजीने शिकवलेलं, कायदाबियदा काही माहीत नव्हतं. पण जाळं कापायला लागलं तर नुकसान मोठं, आणि ते कोणी भरून देत नव्हतं. आता २०१८ पासून सरकारी योजना आहे, कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असं संरक्षित काही सोडताना जाळं कापलं तर २५ हजारापर्यंत मिळतात, फोटो किंवा व्हिडिओ दाखवावा लागतो. मामाला आता मोबाईल धरायला एक माणूस लागतो. एकदा त्याने कासव सोडलं आणि व्हिडिओत नुसता स्वतःचा अंगठा.

खारंवारं
@दर्यासारंगी अंगठाबहाद्दर 😄 आणि कासवांचं म्हणाल तर मी ते सॅटेलाइट टॅगवालं वेड लावून घेतलं होतं. जानेवारी २०२२ ला वेळासला पहिलं टॅग केलं, नाव ठेवलं प्रथमा. तेव्हापासून ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मी बातम्यांत शोधायचो आज प्रथमा कुठे. नंतर गुहागरची बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ ला ओडिशात टॅग लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेलं सापडलं. आम्ही पुण्याहून गुहागरला जाताना तीनदा थांबतो.

मीच_ती
आणि तरी एकाला उलटी होतेच.

चष्मिष
दापोलीकडच्या किनाऱ्यावर थंडीत कुरव पक्षी असतात ना, पांढऱ्या चादरीसारखे बसलेले. माझी मुलगी पळत गेली आणि सगळे एकदम उठले, तिला इतकी मजा वाटली. मला नंतर वाईट वाटलं, किती लांबून उडत येतात बिचारे आणि आम्ही बसूही देत नाही.

देवबागकर
@चष्मिष लोक त्यांना गाठ्या-फरसाण टाकतात. पक्ष्याला आणि बीपी 🤦

गाडीवाटा
फेरी कोणी सांगेल का प्लीज, शनिवारी निघायचंय

निवांतक्षणी
आत्ता सासऱ्यांना विचारून आले. आता ८४ चे आहेत, ऐकू कमी येतं. कानाशी जाऊन ओरडले, बाबा, हर्णै आठवतं का? म्हणाले, न आठवायला काय झालं, क्लच प्लेटचे अठराशे घेतले त्याने, लुटलं. म्हटलं आणि डॉल्फिन? तर म्हणाले, "बरं."
सासूबाई आतून ओरडल्या, चार होते, तीन मोठे एक छोटं.

सह्यकडा
😂😂 आजींची मेमरी जबरदस्त

दर्यासारंगी
@गाडीवाटा फेरी आहे, गाडी चढते. शनिवार-रविवारी रांग लागते, लवकर पोचा. आणि गाडी चढवताना घरच्यांना आधी उतरवा, नाहीतर आरशात बघून सगळे एकदम सूचना देतात.