मनःस्वास्थ्याच्या कोर्समधली उत्तरं कंपनीला दिसावीत का?

ऐरोलीकर
महाप्याच्या एका कंपनीसाठी 'स्वतःची काळजी' हा कोर्स तयार करतेय. वीस मिनिटांचा, मोबाइलवर चालणारा, मराठीत. पहिल्याच स्क्रीनवर स्लायडर होता : 'आज मनावर किती ताण आहे?' चाचणीला बसलेल्या बहुतेकांनी तो मधोमध ठेवला आणि पुढे गेले. नंतर चहा घेताना एकीने कारण सांगितलं, "मॅडम, लॉगिन एम्प्लॉयी नंबरने केलंय. खरं कोण भरेल?"

तिचं बरोबर होतं. आपले कोर्स स्कॉर्म या ठरावीक फाइल-साच्यात पॅक होतात. त्यात प्रत्येक उत्तर, लागलेला वेळ, गुण हे सगळं माणसाच्या नावावर एलएमएसमध्ये, म्हणजे कंपनी ज्यावर कोर्स चालवते त्या प्रणालीत, जमा करता येतं. आग लागल्यावर काय करायचं हे शिकवताना ते हवंच. कोणाला अजून येत नाही ते कळलं पाहिजे. पण 'झोप लागत नाही' हे कोणाच्या नावापुढे नोंदलं गेलं, की तो माणूस पुन्हा खरं सांगत नाही. मग खोट्या उत्तरावर दिलेला सल्लाही वाया. म्हणून माझं ठाम मत : असली उत्तरं फोनबाहेर जाऊच नयेत. एलएमएसला फक्त 'कोर्स उघडला' एवढं कळावं. गुण नकोत, 'चूक' नको, बॅज नको, प्रमाणपत्र नको.

तुर्भे_एचआर
ताई, साफ असहमत. वर्षअखेरीस मला विचारतात, उपयोग काय झाला? 'दिसत नाही' असं सांगितलं तर पुढल्या वर्षी हाच खर्च आधी कापतील. लोक असे ऑनलाइन कोर्स अर्धवट सोडतात हे काही नवं नाही. ऑनलाइन आरोग्यसेवांचे अभ्यासक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ साली त्यालाच गळतीचा नियम म्हटलं. रात्रपाळीचा अख्खा गट झोपेच्या स्क्रीनवर अडकत असेल, तर कोर्स नाही, पाळी बदलावी लागेल. हे मला कळायला नको?

आणि एखादा खरंच टोकाला पोचला असेल, त्याने तसं लिहिलं आणि ते कुणालाच दिसलं नाही, तर ही कसली काळजी?

ऐरोलीकर
पाळीचा मुद्दा मान्य. नावाशिवाय, गटाची बेरीज द्यायला माझी हरकत नाही. पण पाच जणांच्या टीममध्ये बेरीज म्हणजे नावंच. मोठ्या गटापुरतीच द्या.

नौपाड्याची_समुपदेशक
मला दोघांचंही पटलं नाही. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली अनेक कोर्समध्ये सर्रास चिकटवतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. माझ्यासमोर बसलेला माणूस त्याला 'हो' म्हणतो तेव्हा मी पेन खाली ठेवते, तो बोलेपर्यंत थांबते, घरी कोण आहे ते विचारते. स्क्रीन काय करते? 'पुढे' हे बटण दाखवते.

तुर्भेकर सर, ते उत्तर तुमच्या अहवालात महिनाअखेरीस दिसून काय उपयोग? आणि ऐरोलीकर ताई, फोनमध्येच कुलूपबंद केलंत तर त्या माणसाने पहिल्यांदा दिलेली हाक तिथेच विरते. काहींना माणसाच्या तोंडावर सांगता येत नाही, स्क्रीनला सांगता येतं. त्याच क्षणी पलीकडे कोणीतरी हवं. ते नसेल तर नववा प्रश्न विचारूच नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर (१० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत) शेवटच्या पानावर नको, प्रत्येक स्क्रीनवर हवा, दाबला की फोन लागेल असा.

कळव्याची_बाई
मी आठवीला शिकवते. बॅजच नकोत असं म्हणू नका. रोज दोन ओळी मनातलं लिहायला मुलं बॅजमुळेच लागली. फक्त 'सलग किती दिवस' हे मोजणं मी बंद केलं. आजारी पडलेली मुलगी साखळी तुटली म्हणून रडली होती.

कोपरखैरणे_लोकल
मला मुळात हे कोर्सच पटत नाहीत. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलला उभा असतो, एक हात कडीला, कानात गर्दी. स्क्रीनवर गोल फुगतो नि सांगतो, 'डोळे मिटा, बागेत असल्याची कल्पना करा.' हे लिहिणारा आमच्या डब्यात चढला असता तर असं लिहिलंच नसतं. त्यापेक्षा ती वीस मिनिटं लवकर घरी सोडा.

ऐरोलीकर
दादा, बागेची स्क्रीन आजच काढते. श्वासाचा सराव उघड्या डोळ्यांनी, आवाजाशिवाय, उभ्याने जमेल असाच करायला हवा होता.

पण कोर्स नकोच, हे मान्य नाही. एक उदाहरण देते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचं सांगणं असं, की त्रास नुसत्या घटनेने होत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी विचाराने होतो. आमच्या एका स्क्रीनवर वाक्य आहे : 'साहेबांनी मला मान दिलाच पाहिजे.' त्यातला 'च' बोटाने ओढून बाहेर टाकायचा, मग वाक्य पुन्हा वाचायचं : 'मान दिला तर बरं वाटेल.' नंतर स्वतःचं एक वाक्य लिहायचं नि त्यातला 'च' शोधायचा. चाचणीत लोक थांबले ते इथे. एक जण तर बराच वेळ टाइप करत होता, मी जवळ गेले तर त्याने फोन छातीशी धरला. ते वाक्य मी साठवणार नाही, सर, कुठल्याही अहवालासाठी नाही.

समुपदेशक ताई, तुमचं मात्र पटलं. आमच्या कोर्समधूनही नववा प्रश्न काढते. त्याजागी दोन बटणं : 'हे माझ्यापुरतं राहू दे' आणि 'मला आज कोणाशी तरी बोलायचंय'. दुसरं दाबलं तर फोन कोणाकडे जाईल आणि किती वेळात, हे तिथेच लिहिलेलं असेल.

नौपाड्याची_समुपदेशक
आणि रात्री अडीचला दाबलं तर?

ऐरोलीकर
तेव्हा थेट १४४१६. दिवसा समुपदेशक. पण तो समुपदेशक कंपनीने नेमायला हवा, हे माझ्या हातात नाही.

तुर्भे_एचआर
ते माझ्या हातात आहे. बाहेरचा हवा ना, आमच्या विभागातला नको? सोमवारी मांडतो. गटाच्या बेरजेवर मात्र मी ठाम आहे, तीस माणसांच्या वर.