खाजेची ट्यूब पुळ्यांवर नको

दाढीनंतरच्या पुळ्यांवर मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणून लावा असं या चर्चेत एकानं लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड, म्हणजे लाली-सूज दाबणारं पण जंतू न मारणारं औषध असतं, दोन दिवस लाली बसल्यासारखी वाटते आन् आतला जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, अजून फोफावतो. माझ्या चुलतभावाचं हेच झालं, लातूरला स्किनच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा हनुवटीखाली केसाकेसाच्या मुळाशी पिवळट टोक आन् भोवती लाल कडं, मग ट्यूब बंद, काही दिवस दाढी बंद, कोमट पाण्याचा शेक आन् अँटिबायोटिक मलम.

आन् हे कुणी लिहिलंच नाही, की केस आत वळून होणाऱ्या गाठी वेगळ्या, तिथं जंतूचं कारण नसतं, केसाच्या दिशेनंच हलका वस्तरा फिरवायचा. शुगर असंल, ताप आला किंवा गाठ ठणकायला लागली तर घरी फोडू नका, लगेच दाखवा.