प्रति: ज्युररने न सांगितलेला भूतकाळ
अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणात जेफ्री एपस्टीनला साथ दिल्याबद्दल अमेरिकेत दोषी ठरलेल्या गिलेन मॅक्सवेलच्या खटल्यातल्या एका ज्युररने (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या नागरिकांपैकी एकाने) स्वतःवर लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार ज्युरी निवडीच्या प्रश्नावलीत नोंदवला नव्हता; तरी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी फेरखटला नाकारला, म्हणून वरच्या प्रतिक्रियांत बरेच जण चिडलेत. मला तो निकाल पटतो. चूक मुद्दाम केलेली नव्हती, असं न्यायाधीशांचं मत पडलं. आणि अत्याचार सोसलेला माणूस निःपक्ष नसतोच असं धरलं, तर कितीतरी बायकांना ज्युरीत जागाच उरणार नाही!

आपल्याकडे ज्युरी नाही, पण पंच आहेत, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारे साक्षीदार; निःपक्षपणाचा प्रश्न त्यांच्याबाबतही येतोच. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या लहान गावात भाऊबंदकीबाहेरचा पंच मिळणंच कठीण. आरोपीशी नातं काय, बांधावरून वाद आहे का, हे सही घेताना कोण विचारतो? बहुतेकदा ते उलटतपासणीतच बाहेर येतं. त्यात पंचनामा कन्नडमध्ये आणि पंच मराठी शाळेत शिकलेला. वाचून दाखवला का, हे वकिलांनी विचारलंच पाहिजे.