आरतीच्या वेळी गाडी मांडवात घुसली आणि वडिलांनी गाडी चालवणेच सोडले

कोथरूडवासी (प्रश्न)

माझे वडील ६६ वर्षांचे आहेत आणि आजवर ते क्लचचीच गाडी चालवत आले. या उन्हाळ्यात आम्ही जुनी गाडी विकून एएमटी गाडी, म्हणजे क्लचचे पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीचा मांडव पार्किंगमध्येच असतो आणि आमची जागा त्याला अगदी लागून आहे. संध्याकाळच्या आरतीला सगळे जमलेले असताना बाबा गाडी मागे घेत होते. ती जागेच्या तोंडाशी क्षणभर अडखळली आणि मग एकदम उसळून मागे गेली. कोपऱ्यातला बांबू निसटला, झालरीचे कापड गाडीच्या टपावर आले आणि टाळ थांबले. कोणालाही लागले नाही, मूर्तीही सुखरूप राहिली. बंपर चेपला आणि मागचा एक दिवा फुटला.

कोणी अवाक्षर काढले नाही. मुलांनी कापड बाजूला केले, एका काकूंनी बाबांना पाणी आणून दिले. तरीही बाबा त्यानंतर आरतीला खाली उतरले नाहीत आणि "आता वय झाले" म्हणून किल्लीला हात लावत नाहीत. हे खरोखरच वयामुळे झाले असेल का? त्यांना पुन्हा गाडी चालवण्याचा आग्रह धरावा का? आणि दुरुस्तीसाठी विम्याचा दावा करावा का?

गाडी_शिकवतो

ताई, वयाचा निष्कर्ष काढण्याआधी गाडी नेमकी कुठे अडखळली ते पाहा. पार्किंगच्या जागेपुढे पावसाच्या पाण्यासाठी चर असते आणि तिच्यावरच्या लोखंडी जाळीची कड बहुतेक ठिकाणी बोटभर वर आलेली असते. ब्रेकवरचा पाय सैल केला की ऑटोमॅटिक गाडी आपोआप हळू सरकते, पण ते बळ इतके कमी असते की मागची चाके अशा कडेला टेकून थांबतात. मग चालक साहजिकच अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाके कड ओलांडतात आणि ओलांडताच तेवढ्याच दाबाने गाडी मोकळ्या जमिनीवर झेप घेते. क्लचच्या गाडीत हा क्षण डाव्या पायाने सावरता येतो आणि वडिलांच्या पायाला आयुष्यभर तीच सवय आहे. एएमटीत तो पाय रिकामा असतो.

दुसरे कारण शरीराच्या वळणात आहे. मागे पाहण्यासाठी कंबरेतून वळले की उजवी टाच नकळत सरकते आणि ब्रेकवर असायला हवा तो पाय अ‍ॅक्सिलरेटरपाशी जातो. हे तरुणांच्याही हातून होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत मी ते वारंवार पाहतो. म्हणून टाच ब्रेकच्या सरळ रेषेत जमिनीवर घट्ट टेकवायची आणि सपाट जागेत मागे जाताना अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शच करायचा नाही, वेग केवळ ब्रेक कमी-जास्त करून राखायचा. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात एवढाच सराव त्यांच्याकडून करून घ्या. जाळीच्या कडेला सिमेंटचा उतार करून मिळाला तर अर्धे काम तिथेच होईल. सेन्सरवर मात्र विसंबू नका, कारण बारीक बांबू आणि लोंबते कापड त्यांना नीट जाणवत नाही.

मानेचा त्रास किंवा मोतीबिंदू नाही ना, हे डॉक्टरांकडून एकदा पाहून घ्यावे. उजेडातून अंधाऱ्या पार्किंगमध्ये शिरताना त्याचा फरक पडतो.

विमा_सर्वेक्षक

दावा करण्याआधी हिशेब मांडा. साध्या सर्वंकष पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम प्रत्येक दाव्यात आपणच भरायची. जुन्या गाडीचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्ही नव्या गाडीवर वळवून घेतला असेल, तर तो सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, आणि एका दाव्याने पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तो सगळा जातो. बंपर आणि दिव्याचा खर्च त्या बोनसपेक्षा कमी असेल, तर तो खिशातूनच करावा. शून्य घसाऱ्याची जोड (घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेली असल्यास गणित बदलते. दावा करायचाच असेल, तर कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत गाडी उघडू देऊ नका. मांडववाल्याचे नुकसान मात्र थेट भरून द्या. तेवढ्यासाठी तृतीय पक्षाच्या (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या) दाव्याच्या वाटेला जाऊ नये.

डोंबिवलीकर

गाडीचे पुढे पाहता येईल, पण विसर्जनाआधी त्यांना खाली आणा. घरच्यांनी कितीही समजावले तरी उपयोग होत नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः वर येऊन "काका, आजची आरती तुमच्या हातून" म्हटले पाहिजे. ज्यांच्यासमोर संकोच वाटला, त्यांनीच बोलावले की तो ओसरतो. आमच्या चाळीत हे असेच करत आलो आहोत.

कोथरूडवासी

सर्वांचे मनापासून आभार. खाली जाऊन पाहिले. जाळी आहे आणि तिची एक कड चांगलीच उचललेली आहे. मी बाबांना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि "क्लच असता तर सावरली असती" असे म्हणाले. गाडीबद्दल ते प्रथमच बोलले. पन्नास टक्क्यांचा बोनस खरोखरच नव्या गाडीवर वळवलेला आहे, त्यामुळे दावा करणार नाही. सिमेंटच्या उतारासाठी समितीला पत्र दिले आहे आणि अध्यक्षांशी आज संध्याकाळी बोलते.