थांबायला आलं की इंजिन बंद पडतं – २०१० ची पेट्रोल सेडान, साखळी (गोवा) – मदत हवी आहे

साखळीवासी

नमस्कार मंडळी,

गाडी २०१० ची, दीड लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद ‘ती गाडी घ्यायलाच नको होती’ असे येतील. बाबांनी हौसेने घेतलेली गाडी आहे. पंधरा वर्षं झाली म्हणून नुकतंच पुढच्या पाच वर्षांचं पासिंगही करून घेतलं, तेव्हा ‘विकून टाका’ हा सल्लाही कृपया नको.

तक्रार अशी. चालताना काहीही त्रास नाही. सिग्नल आला, सर्कल आलं, ब्रेक लावत क्लच दाबला की आरपीएमचा काटा खाली येतो आणि ८०० वर टेकायच्या ऐवजी सरळ ४०० कडे घसरतो. कधी धडपडत परत वर येतो. कधी तेलाचा आणि बॅटरीचा दिवा लागतो आणि इंजिन गप्प. चावी फिरवली की लगेच चालू, जणू काही झालंच नाही. एसी चालू असेल तर हमखास. सकाळी थंड इंजिनला होत नाही, गाडी तापली की सुरू.

पणजीला कधी आमोणे-माशेलवरून जातो, कधी चोडणच्या फेरीने. परवा फेरीत चढताना रॅम्पच्या तोंडाशी पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मी मारला, आणि इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड, मागे दुचाकींची रांग, फेरीवाला शिट्टी वाजवतोय. बायको म्हणाली, आजपासून मी बसने जाते.

आतापर्यंत प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी खोलून साफ केली. साफ केल्यावर थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजवाला आता म्हणतो फ्युएल पंप गेला असणार, टाकीतून काढून नवा बसवू. नाहीतर ‘रेसिंग वाढवून देतो’, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएमच वर करून ठेवतो. पंपाचा खर्च करण्याआधी विचारतो: थांबतानाच बंद पडायला पंप कारण असू शकतो का?

मांडवीकाठ

दुसरं काही शोधू नका. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून सगळ्या जुन्या गाड्यांचं हेच चाललंय. माझ्या स्कूटरचंही तेच.

घाटातला

पंप बदलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. चढाला गाडी कशी ओढते? पंप थकला असेल तर तो सगळ्यात आधी उघडा पडतो तो पेट्रोलची मागणी जास्त असते तिथे. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, चढ, चार माणसं. नुसत्या आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडून उभ्या गाडीत, इंजिन पेट्रोल खातं किती? तेवढं तर मरायला टेकलेला पंपही देतो.

इथेनॉलचंही तसंच. जुन्या रबरी पाइपांना त्याचा त्रास होतो, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, हे मान्य. पण पेट्रोल टाकीत चोवीस तास तेच असतं. ते फक्त ब्रेक मारल्यावरच कसं बिघडेल?

साखळीवासी

मागच्या आठवड्यातच केरीवरून चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊन आलो. एसी चालू, मागे सासू-सासरे, डिकीत येताना तांदळाची पोती. कुठेही दम टाकला नाही. बेळगावात पहिल्याच सिग्नलला मात्र बंद पडली.

घाटातला

मग पंप विसरा. घाटाने तुमची तपासणी फुकटात करून दिली.

थ्रॉटल_केबल

माझा संशय आयडल व्हॉल्व्हवर. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. इंजिन जिवंत राहायला जी थोडी हवा लागते ती बाजूच्या बोळातून जाते, आणि त्या बोळाचं दार किती उघडायचं ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. एसीचा कंप्रेसर लागला की दार थोडं जास्त उघडायचं, हे त्याचंच काम. कार्बनने तो चिकटला की दार वेळेवर उघडत नाही आणि काटा खाली कोसळतो. थ्रॉटल बॉडी साफ करताना बरेच जण चकती चकाचक पुसतात आणि व्हॉल्व्हला हातही लावत नाहीत. तो वेगळा काढून साफ केला का ते विचारा. साफसफाईनंतर कंप्युटरला नवं आयडल शिकवावं लागतं, तेही बऱ्याच ठिकाणी करत नाहीत.

आणि रेसिंग वाढवू नका. थ्रॉटलच्या चकतीचा तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो फिरवला की सेन्सरला वाटतं पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच आहे, आणि कंप्युटर आयडल सांभाळायचं सोडून देतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला इलाज या गाडीला लागू नाही.

साखळीवासी

व्हॉल्व्ह काढून साफ केला होता, माझ्यासमोर. बॅटरी काढून ठेवून नंतर आयडलला चालू ठेवायचंही केलं. एक स्वस्तातला स्कॅनरही मागवला, ब्लूटूथवाला. तो गाडीशी बोलतच नाही.

थ्रॉटल_केबल

तो बोलणार नाही. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (गाड्यांच्या धुराचे नवे नियम) आलं ते आधी १३ शहरांत. मुंबई, पुणे, सोलापूर त्यात होतं, गोवा नव्हता. तुमची बहुतेक बीएस-३. त्या काळच्या गाड्यांना कंपनीचा किंवा मोठ्या गॅरेजचा स्कॅनर लागतो. दिवा लागत नाही म्हणजे बिघाड नाही, असंही धरू नका.

जुना फिटर

सगळे इंजिनकडे बघताय. साखळीवासी बाब, तुम्हीच लिहिलंय, ‘पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मी मारला, आणि इंजिन बंद’. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये प्रत्येक वेळी ब्रेक आहे. पार्किंगमध्ये नुसती उभी असताना कधी बंद पडली का? त्याबद्दल एक अक्षर नाही.

थांबताना दोन गोष्टी एकदम होतात. इंजिन आयडलला येतं आणि पाय ब्रेकवर असतो. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, मग पान्याला हात लावा. पैसे लागत नाहीत.

पहिलं. गाडी चांगली तापवा, सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, न्यूट्रल. एसी बंद. ब्रेकला पाय न लावता काटा बघा. मग ब्रेक अर्धा दाबून पाय तसाच धरून ठेवा. काटा हलतो का? खिडक्या बंद, रेडिओ बंद, पायाशी कान द्या. दाबताक्षणी छोटासा ‘फुस्’ येतो तो चालतो. पाय धरून ठेवल्यावरही आवाज येतच राहिला तर तो चालत नाही. हेच एसी लावून परत करा.

दुसरं. रहदारी नसलेला, हलका चढ असलेला रस्ता बघा. पंचवीस-तीसच्या वेगात क्लच दाबून न्यूट्रल करा आणि ब्रेक न लावता गाडीला आपोआप थांबू द्या. उतारावर हा प्रयोग नको, आणि पाय ब्रेकच्या वरच तयार ठेवा. गाडी मागे सरकायच्या आत ब्रेक. मग त्याच जागी, त्याच वेगात, ब्रेकने थांबवा.

तिसरं. इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा, मग ब्रेक दाबा. पहिला दाब मऊ हवा.

एवढं करून लिहा. तोवर कुणी काही विकत घ्यायला सांगू नका.

मांडवीकाठ

ब्रेकचा आणि इंजिन बंद पडायचा काय संबंध? ब्रेक ऑइलवर चालतो ना?

जुना फिटर

चाकाकडे जोर पोचवतं ते ऑइल. पण तुमच्या पायाचा जोर वाढवणारा बूस्टर पेट्रोल गाडीत इंजिनच्याच व्हॅक्यूमवर चालतो. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या समोर, मागच्या पत्र्याला चिकटलेला काळा गोल डबा दिसतो, तोच. त्यातून एक जाड होस पाइप इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, जातो. डब्यात मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या पुढे व्हॅक्यूम. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा घेतली जाते, आणि ती हवा पडद्याला पुढे ढकलते. हीच तुमच्या पायाला मिळणारी मदत.

पडदा फाटला की पेडल दाबलेलं असेपर्यंत ती हवा भोकातून थेट इंजिनात. साखळीवासींच्या गाडीत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असेल, तर ही हवा त्याच्यासमोरून गेलेलीच नसते. कंप्युटर मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन मरतं. गिअरमध्ये असताना कळत नाही, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. क्लच दाबला की तो आधार सुटतो. थंड इंजिनचं आयडल मुळात वर असतं आणि मिश्रणही दाट, म्हणून सकाळी निभावतं.

ज्या गाड्यांत हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डचा दाब मोजतात, तिथे अशा गळतीने आयडल वाढूही शकतं. म्हणून विचारतो, सेन्सर कुठला आहे?

साखळीवासी

फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपवर वायर लावलेला सेन्सर आहे. म्हणजे हवा मोजणारा.

आज दुपारी सगळं केलं. ब्रेक न लावता काटा ८०० वर ठाम, एसी लावला तरी क्षणभर हलून परत जागेवर. ब्रेक अर्धा दाबून धरला तर साडेपाचशेपर्यंत खाली, इंजिन थरथरतं, पाय काढला की पुन्हा ८००. एसी लावून ब्रेक धरला तर दोन-तीन सेकंदांत बंद. प्रत्येक वेळी. आणि आवाज! डॅशबोर्डच्या खालून, पेडलच्या दांड्याच्या मुळाशी, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा, पाय आहे तोवर. इतके दिवस एसीच्या पंख्याचा वाटत होता.

चढावर ब्रेकशिवाय थांबली, चालूच राहिली. ब्रेकने थांबवली, मेली. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पेडल पहिल्याच दाबाला लाकडासारखं.

घाटातला

घ्या. पंप वाचला.

जुना फिटर

आता खात्री. गाडी उभी, इंजिन चालू, हँडब्रेक, दगड. बूस्टरचा होस रबरी असेल तर पकडीला कापड गुंडाळून तो हलकेच आवळा आणि घरच्या कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. काटा हलायचा थांबला तर गळती होसच्या बूस्टरकडच्या बाजूला. होस आवळून गाडी चालवायची नाही, ब्रेकला जोर राहणार नाही. आवळण्याआधी होस डोळे घालून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली राहायला येतात आणि होस कुरतडतात. पण तसं असतं तर पाय नसतानाही काटा नाचला असता.

आणि दुसरा प्रश्न, हा जास्त महत्त्वाचा. ब्रेक ऑइल वरचेवर कमी होतं का?

साखळीवासी

होस शाबूत. आवळल्यावर काटा जागेवरून हलला नाही, मुलाने पेडल कितीही दाबलं तरी.

ऑइल... होय. गेल्या वर्षभरात प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘थोडं टॉपअप केलं’ असं बिलावर आहे. चारही चाकं बघितली होती, कुठेही ओल नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. हे तुम्हाला कसं कळलं?

जुना फिटर

चाकाशी गळत नाही, खाली डाग पडत नाही, तरी ऑइल कमी होतं, मग ते जाणार कुठे? पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर बूस्टरच्या तोंडावरच बसवलेला असतो. त्याचं मागचं सील गेलं की ऑइल आतल्या आत बूस्टरमध्ये उतरतं. बाहेरून थेंब दिसत नाही. ब्रेक ऑइल पडद्याच्या रबराचं शत्रू. भिजून भिजून पडदा फुगतो, मग फाटतो. नटबोल्ट सैल करून मास्टर सिलिंडर थोडा पुढे ओढायला सांगा आणि मागची बाजू बघा.

ओली निघाली तर नुसता बूस्टर बदलून घरी येऊ नका. त्याच मास्टरचं ऑइल नव्या पडद्यावरही पडणार.

तोवर गाडी घरी ठेवा. इंजिन बंद पडण्यापेक्षा ब्रेकचं मला जास्त वाटतं. बूस्टर धड असता तर इंजिन बंद पडल्यावरही एक-दोन दाब मदतीचे शिल्लक असतात. तुमच्याकडे तेही नाहीत. फेरीच्या रॅम्पवर तर अजिबात नको.

साखळीवासी

गॅरेजवाल्याला घरी बोलावून मास्टर सैल केला. मागे बोट लावलं तर बोट ओलं, आणि बूस्टरच्या तोंडाशी तळाला ऑइल साचलेलं. त्याने स्वतःच मान्य केलं की पंप काढायची गरज नव्हती. माणूस वाईट नाही, त्याच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊ थ्रॉटल साफ करून बऱ्या होत असतील.

बूस्टर म्हापशाच्या एका दुकानातून मागवलाय, मास्टर सिलिंडरही नवा. जुन्या मास्टरला नुसतं सील किट टाकून चालेल का, असं तो विचारतोय. भंगारातला बूस्टर निम्म्या पैशात मिळतो, असंही.

जुना फिटर

पंधरा वर्षांच्या मास्टरच्या नळीला आत गंजाचे खड्डे पडलेले असतात, नवं सील त्यावर घासून परत जातं. मागवलाच आहे तर नवाच बसवा. भंगारातल्या बूस्टरचा पडदाही तेवढ्याच वयाचा.

बसवताना बूस्टरची पुढची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांत किंचित फट राहायला हवी. दांडी लांब राहिली तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत. सगळी लाइन एअर काढून नव्या ऑइलने भरून घ्या. मग चार-पाच किलोमीटर फिरवून उभी करा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, रिमला न लावता. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटलं तर तसंच गॅरेजला परत.

साखळीवासी

लिहून घेतलं. पार्ट शुक्रवारपर्यंत येतील म्हणतात. फिटर बाब, कधी डिचोलीकडे आलात तर कळवा.