जप्त अमली पदार्थांची ‘विल्हेवाट’ की ‘नाश’?

विचारणा: बातमीत वाचले, ‘जप्त केलेल्या अमली पदार्थांची पोलिसांनी तळोजा येथे विल्हेवाट लावली.’ खटला तर अजून उभाही राहिलेला नाही. मग ही पुराव्याचीच विल्हेवाट नव्हे का? की इथे सरळ ‘नाश’ म्हणायला हवे होते?

प्रतिसाद: ‘विल्हेवाट’च योग्य. ‘विल्हेस लावणे’ म्हणजे मार्गी लावणे, ज्याची त्याची व्यवस्था करणे. ‘प्रेताची विल्हेवाट’ असल्या बातम्यांमुळे या शब्दाला लपवाछपवीचा वास चिकटला आहे, एवढेच.

१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या कलम ५२अ मध्ये नाश हा विल्हेवाटीचा एकच मार्ग नाही. गांजा, चरस, मेफेड्रोन (एमडी) भट्टीत जाते, आणि त्या भट्टीला धूर शुद्ध करणारी यंत्रणा लागते. अफू, मॉर्फिन, कोडीन मात्र जाळत नाहीत. ते सरकारी अफू व अल्कलॉइड कारखान्याकडे सोपवतात, कारण त्यांपासून औषधे बनतात. तिथे ‘नाश केला’ लिहिले तर चक्क चूक होईल.

पुराव्याचे म्हणाल, तर तो जळत नाही. आधी मालाची यादी होते, मग दंडाधिकाऱ्यांसमोर फोटो निघतात, पुडकी उघडून वजन होते आणि नमुने काढले जातात. गांजा, चरस, अफू यांचे २४ ग्रॅम, बाकी बहुतेक पदार्थांचे ५ ग्रॅम, आणि प्रत्येक नमुना दोन प्रतींत. दंडाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली यादी, फोटो आणि नमुने हाच मग खटल्यातला प्राथमिक पुरावा. जप्तीच्या जागीच नमुने काढून मोकळे होण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात बोट ठेवले. २०२२ च्या नियमांत दंडाधिकाऱ्यांसमोरची ही रीत पक्की झाली. हे टप्पे बातमीदार गाळतात, म्हणून वाचकाला संशय येतो. पोते मालखान्यात वर्षानुवर्षे पडून राहिले तर गळतीची, अदलाबदलीची खरी भीती असते. लवकर विल्हेवाट लावण्यामागचे कारण हेच.

विचारणा: ‘चाचणी’ आणि ‘विश्लेषण’ यांत फरक करावा का?

प्रतिसाद: अवश्य करावा, कारण एखाद्याची अब्रू त्यावर ठरते. जागेवर टेस्ट किटने होते ती चाचणी. मार्क्विस द्रावणाचे थेंब टाकले की हेरॉइन, मॉर्फिन जांभळे होते. हा रंग फक्त अंदाज देतो. पदार्थ नक्की कोणता, हे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषणात ठरते. पोलीस ठाण्यात त्या अहवालाला ‘सीए (केमिकल अ‍ॅनलायझर) रिपोर्ट’ म्हणतात. तो हाती येण्याआधी ‘तपासणीत एमडी असल्याचे सिद्ध’ असे लिहू नये. ‘एमडीसदृश पदार्थ’ लिहावे, पंचनाम्यातही बहुधा तसेच असते.