मदत हवी आहे: अँबेसिडरचा क्लच फक्त गरम झाल्यावर स्लिप होतोय (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

गाडी अँबेसिडर मार्क टू, १९७२ची. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी पेट्रोल. क्लच हायड्रॉलिक. थोरल्या काकांची गाडी, आता माझ्याकडे आहे. रविवारी रंकाळ्याला एक चक्कर आणि पाहुणे आले की जोतिबा-पन्हाळा, एवढंच तिचं काम.

सकाळी थंड गाडी काढली की क्लच चोख. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत काही जाणवत नाही. वाघबीळचा चढ लागला की मात्र तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी आहे त्याच वेगाने. पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत दुसऱ्या गिअरलाही तेच, वर जळका वास. झुणका-भाकर खाऊन होईपर्यंत गाडी थांबली की उतरताना आणि गावात पुन्हा सगळं ठीक.

हँडब्रेक ओढून, चौथा टाकून क्लच सोडून पाहिला. थंड असताना इंजिन जागच्या जागी बंद पडतं. गरम असताना घरघरत राहतं, मग बंद पडतं. (ही परीक्षा उगाच परत परत करत नाहीये, प्लेट जळते.)

अजून एक. पावसाळ्याआधी क्लचचं पेडल खाली बसत होतं म्हणून एका गॅरेजात मास्टर सिलेंडरचं (पेडलजवळचा, फ्लुइडला दाब देणारा) रबर किट बदलून घेतलं. तेव्हापासून पेडलला वरती जो थोडा मोकळा प्ले असायचा तो उरलेला नाही, पाय टेकला की लगेच वजन लागतं. मेकॅनिक म्हणाला, असंच पाहिजे. शिवाय बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं आवरण) खालच्या भोकातून तेल टपकतं, रात्रभरात पुठ्ठ्यावर जुन्या रुपयाएवढा डाग पडतो.

गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स उतरवा. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळा सेट बदला. खर्चाला ना नाही, पण एवढं करून घाटात परत तेच झालं तर? उतरवण्याआधी अजून काय तपासता येईल?

उद्यमनगरी:
भावा, एवढा विचार कशाला करतोयस? वास आला म्हंजे प्लेट गेली. खोलून टाक एकदा. उद्यमनगरात फ्लायव्हीलला फेसिंग मारून मिळतंय, प्लेटला नवीन लायनिंग पण रिव्हेट करून देत्यात. फक्त हबच्या स्प्रिंगा ढिल्या हायत का ते आधी बघ, नाहीतर लायनिंगचे पैसे पाण्यात. आणि बसवताना जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट घालून प्लेट सेंटर करून घे, अंदाजानं लावू देऊ नकोस.

जुना_पाना:
थांबा, गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू नका. तापल्यावर झिजलेली प्लेटही जास्त सरकते हे खरं, तेलकट झालेली तर हमखास. पण पेडलचा प्ले गेला आणि त्यानंतर हे सुरू झालं, ही गोष्ट मला जास्त खटकते.

पेडल पूर्ण सुटलं की मास्टरमधला पिस्टन शेवटपर्यंत मागे येतो, आणि फ्लुइडच्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक उघडं पडतं. लाइनमधलं जादा फ्लुइड त्या भोकातून टाकीत परत जातं. पेडलकडून पिस्टनला ढकलणारा पुशरॉड लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक झाकलेलंच राहतं. थंड असताना याचा पत्ता लागत नाही. घाटात इंजिनाची धग लागून फ्लुइड फुगतं, परतीची वाट बंद, म्हणून ते क्लचजवळच्या स्लेव्ह सिलेंडरला ढकलतं. थोडक्यात, तुम्ही पाय न लावता क्लच अर्धवट दाबला गेलेला असतो. गाडी निवली की फ्लुइड आकसतं आणि क्लच परत धरतो. तुमचं झुणका-भाकरीचं औषध लागू पडतं ते बहुधा यामुळे.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. स्लिप सुरू झाली की रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून गाडी बंद करा, चाकांना दगड लावा आणि पेडलला न शिवता स्लेव्हचा ब्लीड निपल (फ्लुइड-हवा बाहेर काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. फ्लुइड चिळकांडी मारून आलं तर दाब अडकलेला होता. निपल आवळून लगेच चढावर घ्या. क्लचने धरलं तर प्लेट निर्दोष. नुसता थेंब आला आणि स्लिप तशीच राहिली, तर उद्यमनगरी म्हणतात ते करा. सायलेन्सरच्या पाइपपासून हात जपा, आणि फ्लुइड रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो.

फ्लुइडच्या टाकीत कोणी चुकून इंजिन ऑइल ओतलंय का तेही बघा. त्याने रबरं फुगतात आणि लक्षणं हीच दिसतात.

धागाकर्ता:
वाघबीळच्या वर गाडी बाजूला घेऊन पाहिलं. निपल अर्धा आटा फिरवला तर फ्लुइड थेट चेसिसवर उडालं. आवळून निघालो, तर तिसऱ्यावर गाडी कुरकुर न करता वर चढली. घरी येऊन मास्टरच्या पुशरॉडचा लॉकनट सोडला, रॉड आत घेतला, जेमतेम एक मिलिमीटर मोकळीक ठेवली. पेडलला वरती प्ले परत आला. काल चार माणसं बसवून पन्हाळ्याला गेलो, स्लिप नाही, वास नाही. जुना_पाना, आभारी आहे.

तेलाचं मात्र तसंच आहे. काळं आहे, गिअर ऑइलचा तो उग्र वास नाही.

जुना_पाना:
म्हणजे इंजिनाचं तेल. या इंजिनाच्या क्रँकला मागच्या बाजूला रबरी सील नसतं, आटे पाडलेले असतात, ते फिरताना तेल मागे सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ओढतात. त्यामुळे थोडं टपकणं ही या जातीची सवयच. पण इंजिनातली हवा-वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला तर आत दाब साठून तेल तिथून जास्त बाहेर येतं, आणि तेच उद्या प्लेटवर जाईल. ब्रीदरचा पाइप काढून बघा, डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर भरलंय का तेही.

उद्यमनगरी:
मानलं! पण जळका वास आलेली प्लेट किती दिवस टिकंल?

जुना_पाना:
सांगता येत नाही. थंड आणि गरम दोन्ही वेळा चौथ्यावर धरते आहे तोवर चालवा. गिअरबॉक्स कधी ना कधी उतरेलच, तेव्हा प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग एकदम बदला.

धागाकर्ता:
ब्रीदर काळ्या राळेने जवळजवळ बुजला होता. डिझेलने धुऊन घातलाय, डाग कमी होतो का ते लिहितो. आता स्लेव्हचा रबरी होजही जुना आहे, तो बदलून टाकावा म्हणतोय. दुकानात दोन वेगळ्या आट्यांचे होज दाखवले. मार्क टूला कुठला बसतो, कोणी सांगेल का?